सासूबाईंच्या मनगटाला पेलेल असा काचेचा जग

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. घरात आम्ही दोघं, सासू-सासरे आणि दुसरीतला मुलगा. फ्रिज एकदारी, १९० लिटरचा, कायम खच्चून भरलेला. उन्हाळा लागला की आमच्याकडे ताक, पन्हं, कोकम सरबत रोज लागतं. आजवर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या वापरल्या, पण त्यांना वास धरतो आणि आत हात घालून घासता येत नाही. म्हणून गेल्या वर्षी काचेचा मोठा जग आणला, वर बांबूचं झाकण. दिसायला फार सुरेख. पण दोन महिन्यांत झाकणाच्या कडेला काळे ठिपके आले, पन्ह्याला लसणाच्या चटणीचा वास लागला, आणि एकदा फ्रिजचं दार जरा जोरात उघडलं तर झाकण निघून सगळं ताक भाजीच्या ट्रेमध्ये गेलं. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, बोटांचे सांधे दुखतात. त्या दिवसापासून त्यांनी जगाला हात लावलेला नाही. दुपारी आम्ही दोघंही ऑफिसात असतो. ताक समोर असून त्या साधं पाणी पिऊन राहतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आता नवा जग घ्यायचा आहे. सेलमध्ये दोन लिटरचा, 'एअरटाइट' लिहिलेला एक बघून ठेवला आहे. तो घेऊ का? बोरोसिलिकेट बरं की टफन्ड? आणि झाकण कुठल्या प्रकारचं घ्यावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर :

दोन लिटरचा जग घेऊ नका. सेल कितीही चांगला असला तरी नको.

दोन लिटर ताक म्हणजे दोन किलो, त्यात काच निदान पाऊण किलो. हा पावणेतीन किलोचा ऐवज फ्रिजमधून काढायचा, बाहेरून घाम फुटून ओला झालेला असताना धरायचा आणि वर तिरका करायचा. जगातलं वजन कानाच्या सरळ खाली नसतं, चार बोटं पुढे असतं. म्हणून ओतताना सगळा भार मनगटावर आणि अंगठ्याच्या बुडाशी येतो. सांधे दुखणाऱ्या हाताला नेमकं हेच जमत नाही. सासूबाई जगाला हात लावत नाहीत तो भित्रेपणा नव्हे. आपल्या हातून फुटेल, मग सून दमून घरी आल्यावर काचा वेचत बसेल, असा विचार करून त्या ताकाची इच्छा मारतात. हे वाचून मला फार वाईट वाटलं. म्हणून काच कुठली आणि झाकण कुठलं हे पुढे बघू. आधी त्यांचा हात बघू.

उद्या सकाळी एवढं करा. घरात स्टीलचा किंवा प्लास्टिकचा, कानाचा कुठलाही जग असेल तो घ्या. त्यात एक लिटर पाणी मोजून घाला, ओट्यावर ठेवा आणि सासूबाईंना त्यातून एक पेला भरायला सांगा. शेजारी उभ्या राहून फक्त त्यांचा दुसरा हात बघा. तो आपोआप जगाच्या बुडाखाली गेला, तर एका हाताला तेवढं वजन झेपत नाही असं समजा आणि थोडं पाणी कमी करून पुन्हा बघा. ज्या पातळीला दुसरा हात कमरेपाशीच राहील, तेवढंच त्यांच्या जगात भरायचं. लक्षात ठेवा, काचेचा जग रिकामाच अर्धा-पाऊण किलोचा असतो, म्हणून हलक्या जगात जेवढं पेललं त्याहून थोडं कमीच धरा.

माझं मत असं की एक लिटरचे दोन जग घ्या. एक फक्त ताकाचा आणि एक पन्हं-सरबताचा. दोन जग म्हटल्यावर जागेची काळजी वाटेल, पण दोन लिटरचा जाडजूड जग फ्रिजमध्ये जी जागा अडवतो त्यापेक्षा हे दोन बुटके जग सोयीने बसतात. शिवाय जिरं-हिंगाचा वास सरबताला लागायचा प्रश्न निम्मा इथेच सुटतो.

बुटके हा शब्द मी मुद्दाम वापरला. बहुतेक लोक जग घेताना फ्रिजच्या दारातल्या खालच्या कप्प्याचं माप डोळ्यांसमोर ठेवतात, कारण बाटल्या तिथेच उभ्या राहतात. पण एकदारी फ्रिजमध्ये तो कप्पा गुडघ्याच्या उंचीवर येतो. वाकून, हात लांब करून, तिथून भरलेला जग उचलणं हे ७१ वर्षांच्या बाईसाठी सगळ्यांत वाईट. त्यातून दार ही फ्रिजमधली सगळ्यांत कमी थंड जागा. दर वेळी उघडताना बाहेरची गरम हवा तिथेच आधी लागते आणि प्रत्येक उघडझापीला आतलं पातळ डचमळतं. तुमचं ताक सांडलं ते त्या हिसक्यानेच. तेव्हा ताकाचा जग आत, कमरेच्या उंचीच्या फळीवर, अगदी पुढच्या कडेशी ठेवा. ती जागा आज कशाने भरली आहे ते बघा. अर्धवट वापरलेल्या मसाल्यांच्या पुड्या, सॉसची तळाशी उरलेली बाटली, कधीतरी ठेवलेली आणि आता कोणी खाणार नाही अशी वाटीभर भाजी, यातलंच काहीतरी असेल. तेवढं काढलं की जगापुरती जागा होते. सरबताचा जग दारात राहिला तरी चालेल, तो तुम्ही संध्याकाळी काढणार.

माप घेताना त्या फळीपासून वरच्या फळीपर्यंतची उंची मोजा. झाकणाची मूठ धरून जग त्यापेक्षा दोन बोटं तरी कमी उंच हवा, नाहीतर बाहेर काढताना तो तिरका करावा लागेल. दारासाठी कप्प्याची खोली मोजा आणि हे विसरू नका की खोक्यावर छापलेला व्यास बहुधा नुसत्या पोटाचा असतो, कान त्याच्या बाहेर असतो. एक सुतळीचा तुकडाही सोबत ठेवा. सासूबाईंनी मूठ वळल्यावर चार बोटांची रुंदी किती होते, ती त्यावर गाठ मारून घ्या. सुजलेल्या पेरांना अरुंद कानात बोटं घालताना काच टोचते. चारही बोटं आत जाऊन थोडी जागा उरेल आणि बोटं जगाच्या थंड पोटाला टेकणार नाहीत, असा कान हवा.

आता काच. आपल्याकडे गरम चालणाऱ्या काचेला सरसकट 'बोरोसिल' म्हणतात. ते १९६२ साली सुरू झालेल्या कंपनीचं नाव. काचेच्या जातीचं नाव बोरोसिलिकेट. अनेक कंपन्या ती काच वापरतात आणि एकाच कंपनीकडे वेगवेगळ्या जातींच्या काचेच्या वस्तू असू शकतात. म्हणून खोक्यावर बोरोसिलिकेट हा शब्द लिहिलेला आहे का, ते वाचा. साध्या काचेत वाळूबरोबर सोडा आणि चुना असतो. हिच्यात बोरॉनचा अंश मिसळलेला असतो. त्यामुळे तापल्यावर ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते. काच तडकते ती उष्णतेने नाही, तर एक भाग पटकन फुगतो आणि शेजारचा तसाच राहतो म्हणून. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी होता तेव्हा तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे पोरांनाही माहीत होतं. अमेरिकेत रेल्वेच्या कंदिलांचीही पावसात हीच गत व्हायची आणि कॉर्निंग कंपनीने त्यासाठीच अशी काच बनवली. तिथल्या एका शास्त्रज्ञाच्या पत्नीचं, बेसी लिटलटन यांचं, भट्टीत ठेवायचं भांडं तडकलं. तेव्हा १९१३ साली त्यांनी याच काचेच्या बॅटरीच्या बरणीचा कापलेला तळ घेतला आणि त्यात केक भाजून पाहिला. १९१५ साली पायरेक्स, म्हणजे कॉर्निंगची भट्टीत चालणारी काचेची भांडी, बाजारात आली ती त्यानंतर. एका बाईने स्वतःच्या स्वयंपाकघरात तपासून पाहिलेली ही काच आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

टफन्ड म्हणजे साधीच काच, पण तापवून वरून झपकन गार केलेली. तिचा पृष्ठभाग आतल्या बाजूला घट्ट दाबलेला राहतो, त्यामुळे ती धक्का चांगला सोसते. फुटलीच तर खडीसाखरेसारखे बारीक खडे होतात. बोरोसिलिकेट आदळलं तर फुटतंच आणि तुकडे लांब, धारदार होतात. ती न फुटणारी काच आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. नुसतं थंड सरबत ठेवायचं तर दोन्ही चालतात. तुम्हाला मी बोरोसिलिकेटच घ्या म्हणेन, दोन कारणांनी. ती पातळ काढता येते, त्यामुळे जग हलका मिळतो. आणि तुमच्या घरी पन्हं होतं.

पन्ह्याचं म्हणते ते अनुभवावरून. काही वर्षांपूर्वी कैऱ्या उकडून, गर कुस्करून, गूळ घालून मी ते गरम असतानाच साध्या काचेच्या जगात ओतलं. जग नुकताच धुतलेला, गार पाण्याने ओला. बारीकसा 'टक्' आवाज आला आणि काहीच दिसलं नाही. दोन मिनिटांनी कान धरून उचलला, तर बूड गोल चकतीसारखं ओट्यावर राहिलं आणि वरचा जग माझ्या हातात. सगळं पन्हं ओट्यावरून पायांवर. भाजलं थोडंच, पण त्यातल्या काचा मी दोन दिवस वेचत होते. तेव्हा काच कुठलीही असो, उकळतं काही ओतू नका. पातेल्यातच निवू द्या. बोरोसिलिकेट असलं तर कोमट गर घातल्याने घात होणार नाही, एवढीच त्याची मदत.

आणि गरम असताना झाकण लावायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. वरच्या रिकाम्या जागेत वाफ भरते, फ्रिजमध्ये गेल्यावर तिचं पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. दुसऱ्या दिवशी ते निघता निघत नाही. मग माणूस झाकण धरून हिसके देतो आणि एका हिसक्याला ते सुटतं तेव्हा जग दुसऱ्या हातातून निसटतो.

झाकणाकडे वळते, कारण तुमचं नुकसान खरं तर झाकणाने केलं.

'एअरटाइट' या एका शब्दाखाली दुकानात तीन वेगळी झाकणं विकतात. एक नुसतं झाकतं. दुसरं वास अडवतं. तिसरं जग आडवा केला तरी थेंब गळू देत नाही. तुमचा जग उभा राहणार, तेव्हा तिसऱ्या प्रकारासाठी जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही. तुम्हाला हवं ते वास अडवणारं आणि हिसक्याने न उडणारं. बांबूच्या झाकणाला कितीही सिलिकॉनची रिंग लावली तरी शेवटी ते लाकडासारखंच सच्छिद्र. ताकाची वाफ, धुतानाचं पाणी, पावसाळ्यातली हवा हे सगळं ते पितं, फुगतं, वाळलं की आक्रसतं. रिंग सैल पडते ती त्यामुळे, आणि काळे ठिपके ही बुरशी. घासून वरचे ठिपके जातात, आतली राहते. ते झाकण आता खायच्या वस्तूवर ठेवू नका.

फिरकीचं, म्हणजे आट्यांचं झाकण वास उत्तम अडवतं. पण कोणीतरी ते घट्ट पिळून ठेवतं आणि दुखऱ्या मनगटाला पिळून उघडणं शक्य होत नाही. आट्यांत पन्हं वाळून बसतं तेही वेगळंच. तारेच्या चापाचं झाकण मला मनापासून आवडतं, लिंबाचा पाक करून ठेवायला त्यासारखं काही नाही. पण चाप उघडायला अंगठ्यात जोर लागतो, म्हणून सासूबाईंसाठी तेही बाद. त्यात कधी सोडा घातलेलं सरबत बंद करून ठेवू नका, वायूचा दाब काचेवर येतो. आणखी एक प्रकार सध्या फार दिसतो, स्टीलचं झाकण आणि जग तिरका केला की आपोआप उघडणारी पट्टी. ओतायला छान. पण जी पट्टी स्वतःच्या वजनाने उघडते ती स्वतःच्या वजनानेच मिटते, तिच्या कडेने फट राहते आणि लसणाचा वास तिथून आत जातो.

तुमच्यासाठी दाबून बसणारं झाकण घ्या. कडेने अखंड सिलिकॉनची रिंग असलेलं, आणि चोचीवर बोटाने उचलायची वेगळी टोपी असलेलं. म्हणजे कामं वाटली जातात. सकाळी ताक भरताना पूर्ण झाकण काढायचं आणि दाबून बसवायचं काम तुमचं. दुपारी सासूबाईंनी फक्त टोपी वर करायची आणि ओतायचं. टोपीचं टोक अंगठ्याच्या पेराला सापडेल एवढं रुंद हवं, नखाने उचकटावी लागणारी टोपी त्यांना उघडणार नाही. चोच दोन बोटं रुंद असू द्या, नाहीतर ताकातली कोथिंबीर आणि जिरं तिथे अडकतं, वरून आणखी तिरकं करावं लागतं आणि मग एकदम भस्सकन येतं.

झाकण हातात आल्यावर रिंग काढून बघा, विकत घेण्याआधी. दुकानदाराला विचारा आणि काढाच. जी रिंग निघत नाही, चिकटवलेली किंवा प्लास्टिकमध्ये गाडलेली आहे, तो जग घेऊ नका, मग काच कितीही सुंदर असो. आमच्या शेजारी एकदा बाईंनी तक्रार केली की जग रोज घासूनही ताक एका दिवसात वासटतं. मी त्यांच्या झाकणाची रिंग लाकडी चमच्याच्या दांड्याने हलकेच सोडवली. खाली खोबणीत, गोल, राखाडी-पिवळा चिकट थर होता, आणि एका जागी केसाएवढी काळी रेघ. वरून झाकण लखलखीत. तेव्हापासून मी काचेकडे दुसऱ्यांदा बघते, आधी खोबणीकडे.

काचेला वास धरत नाही, हे खरं. सिलिकॉनला मात्र धरतो. रोज भरण्याआधी रिंग काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, पुसून कोरडी होऊ द्या, मगच बसवा. ओली बसवली की खाली पाणी कोंडतं. वास बसलाच तर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून रात्रभर भिजवा आणि सकाळी गॅलरीत उन्हाला ठेवा. सुरीने किंवा पिनने रिंग काढू नका. एक चीर गेली की तिचं काम संपलं. ताकाची रिंग आणि सरबताची रिंग आपसांत बदलू देऊ नका. कोकमाने सरबताच्या रिंगला गुलाबी झाक येईल, ती नुसत्या रंगाची आहे, घाबरू नका. उलट ओळखायला सोपं. हिंग-मोहरीची फोडणी घातलेला मठ्ठा जगात भरायचा नाही, फोडणी वाटीतल्या ताकावर घाला. तुपाचा हात रिंगला लागला की वास मुरतो.

आणि एक मोकळेपणाने सांगते. पन्ह्याला लसणाचा वास लागला त्यात झाकणाचा दोष होता, पण चटणीच्या डब्याचाही आहे. ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जाऊ द्या.

पण झाकणाकडून भलती अपेक्षाही ठेवू नका. झाकण लावलं म्हणून ताक आंबायचं थांबत नाही. विरजणातल्या जिवाणूंना हवा लागतच नाही, बंद जगातही ते काम करत राहतात. फक्त थंडीत सावकाश. ताक एक-दोन दिवसांत संपेल एवढंच करा. सोलकढी त्याच दिवशी. पन्ह्याचं तयार सरबत करून ठेवण्याऐवजी गुळाचा किंवा साखरेचा घट्ट गर छोट्या बरणीत ठेवा आणि रोज लागेल तेवढं पाण्यात कालवा. जगही हलका राहतो.

खरेदीला रविवार पेठेत बोहरी आळीत जा, नाहीतर तुळशीबागेत. ऑनलाइन स्वस्त मिळेल, पण या वस्तूचं झाकण हातात घेतल्याशिवाय कळत नाही. सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या जा, गर्दी व्हायच्या आत, म्हणजे दुकानदाराला दाखवायला वेळ असतो. पिशवीत पाण्याची बाटली, एक फडकं, वर्तमानपत्राची एक पट्टी आणि ती सुतळी. काठावरून हलकेच बोट फिरवा, कुठे टवका उडालेला लागला तर तो जग बाजूला. उजेडासमोर धरून कान जिथे पोटाला जोडलाय ती जागा नीट बघा, तिथे बुडबुडा किंवा बारीक रेघ नको. सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का बघा. मग कागदाची पट्टी काठावर ठेवून झाकण दाबून बसवा आणि पट्टी ओढा. सहज सरकली तर त्या जागी फट आहे. चार ठिकाणी ओढून बघा, कारण रिंग एकीकडे घट्ट आणि एकीकडे सैल असणं फार आढळतं. शेवटी जग दोन तृतीयांश भरा, टोपी मिटून बादलीवर तिरका धरा, मग टोपी उघडून सावकाश ओता. ओतणं थांबवल्यावर शेवटचा थेंब चोचीच्या खालून पोटावर ओघळतो का, तेवढं बघाच. तो ओघळ रोज फ्रिजच्या फळीवर चिकट वर्तुळ करतो आणि पुढच्या वेळी जग निसरडा लागतो. चांगला दुकानदार हे करू देतो. करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. सुटी रिंग मिळत असेल तर प्रत्येक जगामागे एक जास्तीची घेऊन ठेवा.

काठाला किंवा आतून रंगीत नक्षी असलेला जग नको, अशा रंगांत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते सोडवतात. जुन्या जड क्रिस्टलच्या सुरयांबद्दलही हेच, त्या काचेतच शिसं असतं. त्यात सरबत साठवू नका.

बाकी वापराचं थोडं. झाकणाला धरून जग उचलायचा नाही, कोणीही नाही. रिंग पहिले चार वेळा धरून ठेवते आणि पाचव्यांदा सोडते. काठापासून दोन बोटं जागा रिकामी ठेवा. जगात स्टीलच्या डावाने ढवळू नका आणि तारेच्या घासणीने घासू नका; काचेची ताकद तिच्या पृष्ठभागात असते आणि ओरखड्यापासूनच पुढे चीर जाते. ताक पातेल्यात रवीने घुसळा, मग जगात गाळा. बर्फ घालायचा तर पेल्यात घाला. लवकर गार व्हावं म्हणून जग फ्रीझरमध्ये ठेवायचा मोह होतो, तो टाळा. पाणी गोठताना जवळपास नऊ टक्के फुगतं आणि काच तेवढी जागा देत नाही. तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर काचेवर पांढुरका थर बसेल. तो क्षार आहे, पिळलेल्या लिंबाची फोड किंवा थोडं व्हिनेगर फिरवलं की सुटतो. मुलासाठी मात्र वेगळी स्टीलची बाटली ठेवा, दाराच्या खालच्या कप्प्यात, त्याच्या हाताशी. तहान लागल्यावर धावत येऊन दार उघडणाऱ्या मुलाला काचेची आठवण राहत नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये.

नवे जग आले की लगेच ताक भरू नका. एखाद्या रविवारी तुम्ही घरी असताना त्यात अर्धा लिटर नुसतं पाणी घाला, खाली ओलं फडकं अंथरा म्हणजे सरकणार नाही, आणि सासूबाईंना टोपी उघडून ओतू द्या. दोनदा, तीनदा. सांडलं तर पाणीच आहे. मग फ्रिजच्या त्या मधल्या फळीवरून त्यांना स्वतः काढून बघू द्या आणि जागा त्यांच्याच सांगण्याप्रमाणे थोडी वर-खाली, उजवी-डावी करा. फ्रिजजवळच्या ओट्याचा हातभर तुकडा कायम मोकळा ठेवा, म्हणजे जग काढल्यावर दोन पावलं चालत न्यावा लागणार नाही, तिथेच टेकवून पेला भरता येईल. पेलाही तिथेच उपडा ठेवा. सोमवारी ऑफिसला निघताना ताक भराल तेव्हा त्यांच्या हाताने ठरलेल्या पातळीपर्यंतच भरा, आणि संध्याकाळी आल्यावर जग किती खाली गेलाय ते काचेतून दिसेलच.